साबणाच्या डबीला नोटीस

विश्वजीतचं पत्र आसामातून आटपाडीला यायला अकरा दिवस लागले आणि ते वाचून होईपर्यंत मनुबाईंची भाकरी तव्यावर करपली.

"आईस साष्टांग नमस्कार," हवालदार आकाराम विभूते चष्मा सावरत मोठ्यानं वाचत होते. "कॅसेट मिळाली. पहिल्या बाजूला तुझं बोलणं लय झकास आलंय. म्हशीचं रेडकू, नव्या बोअरचं पाणी, समदं ऐकलं. पण दुसऱ्या बाजूला ज्या ओव्या भरून पाठवल्यात त्यात बाईच्या आवाजाबरोबर शिट्टी वाजती. साधी न्हाई, कुकरसारखी. पयल्या दिवशी लावली तर युनिटची तिन्ही कुत्री पळत आली. दुसऱ्या दिवशी लावली तर सुभेदारसाहेब पळत आले. तरी पुढच्या वेळेला बिनशिट्टीच्या पाठवणे."

मनुबाई उलथनं हातात धरून वळल्या. "रंगुबाईच्या ओव्यात शिट्टी कुठनं आली? आणि कॅसेट भरली कुणी? तुमीच ना?"

हा प्रश्न हवालदारांना लागला. सतरा वर्षं त्यांनी फौजेत सिग्नलमध्ये काढली होती. बर्फात तारा जोडल्या होत्या, वाळवंटात वायरलेस सेट चालू केले होते. पेन्शनीत आल्यावर एस.टी. स्टँडमागे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यालाही सहा वर्षं झाली होती. "हे काय व्हत न्हाई" असं म्हणून त्यांनी आजवर एकही डबडं परत पाठवलं नव्हतं. आणि आता पोटच्या पोरालाच त्यांनी शिट्टी भरून पाठवली होती.

जेवण अर्धवट टाकून ते दुकानात गेले. मूळ कॅसेट लावली. मेढ्याच्या रंगुबाईंचा तो उन्हात तापलेला, थोडा घोगरा आवाज स्वच्छ घुमला. मग एका टेपवरून दुसऱ्या टेपवर एक ओवी भरली आणि ती लावली. ओवीच्या मागे शिट्टी. पुन्हा भरली, पुन्हा शिट्टी. शेवटी त्यांनी कॅसेटचं वेष्टन उजेडात धरलं. खालच्या कडेला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलं होतं, 'या ध्वनिफितीस नक्कल-प्रतिबंधक संरक्षण आहे. मंजुघोष ध्वनिफिती, सांगली.'

"हात्तिच्या!" हवालदार म्हणाले. "शिट्टी आपली न्हाई. कंपनीनंच घातलीय."

युक्ती अशी होती, की मूळ कॅसेटवर ती शिट्टी इतकी बारीक ठेवलेली होती की माणसाच्या कानाला कळू नये. पण एका टेपवरून दुसऱ्या टेपवर गाणं उतरवलं की ती शिट्टी खाली येऊन राजरोस वाजायला लागायची. सत्त्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात सातारा ते जतपर्यंत घरोघरी रंगुबाईंच्या ओव्या वाजत होत्या, आणि जितक्या मूळ कॅसेटी खपत होत्या त्याच्या कितीतरी पट नकला. त्यावर मंजुघोषच्या मालकांनी मुंबईच्या एका इंजिनियरकडून हा उपाय करून घेतला होता.

मनुबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आवं, पर कॅसेट आपण सांगलीच्या दुकानातनं इकत आणली. चोरून न्हाई आणली. माज्या पोराला चार ओव्या पाठवायला ह्यांची परवानगी कशाला पायजे?"

"मग हीच कॅसेट पाठव की."

"आणि मी काय ऐकू? तुमचं घोरणं?"

मुद्दा बिनतोड होता. हवालदारांनी तीन कॉइल आणि चार कंडेन्सर जोडून एक जुळणी केली, दोन टेपांच्या मधे ती बसवली, आणि तिसऱ्या प्रयत्नाला शिट्टी गेली. जुळणी ठेवायला खोकं हवं होतं. मोरीत साबणाची हिरवी प्लॅस्टिकची डबी होती, ती अगदी मापाची निघाली. साबण त्या दिवसापासून दगडावर उघडा पडला आणि दुसऱ्याच सकाळी कावळ्यानं नेला. पण महिन्याभरानं विश्वजीतचं पत्र आलं, 'ओव्या एकदम स्वच्छ. कुत्री झोपून ऐकतात. सुभेदारसाहेब कॅसेट मागून नेतात आणि परत द्यायचं नाव काढत नाहीत.' तेव्हा मनुबाईंनी साबणाचा विषय सोडून दिला.

गोष्ट इथंच थांबली असती, पण शेजारी जोतीराम होता. जोतीरामचं स्टँडवर कॅसेटी आणि बॅटरीच्या सेलचं दुकान होतं आणि त्याच्या तोंडात गोष्ट म्हणून राहत नसे. आठ दिवसांत अख्ख्या तालुक्याला कळलं की हवालदारांनी शिट्टी काढायची डबी बनवली आहे. लोक यायला लागले. कुणाची लेक मुंबईला होती, कुणाचा भाऊ गुजरातेत सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात होता. ज्याला त्याला गावची ओवी दूर पाठवायची होती.

हवालदार डबीचं काही घेत नसत. त्यांच्या दोनच अटी होत्या. एक, मूळ कॅसेट दाखवायची. दोन, साबणाची डबी आपापली आणायची. त्यामुळे दुकानाच्या फळीवर निळ्या, गुलाबी, पिवळ्या डब्यांची रांग लागली आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हवालदारांनी सोल्डरिंगचं काम सोडून न्हाणीघराच्या सामानाचं दुकान काढलंय.

सातवी डबी जोतीरामनं नेली. त्यानंही मूळ कॅसेट दाखवली होती. त्याच्या दुकानात तर मूळ कॅसेटी खोक्यानं होत्या.

* * *

मंजुघोषचे मालक गंगाधरपंत आठल्ये सांगलीच्या गावभागात राहत आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांची कंपनी चाले. रोज दुपारी एक कप चहा घेत ते नव्या कॅसेटी ऐकत. त्या दुपारी त्यांनी साताऱ्याच्या बाजारातून कुणीतरी आणून दिलेली एक नक्कल लावली. वेष्टन झेरॉक्सचं होतं, रंगुबाईंचं नाव 'रंगूबाय' असं छापलं होतं, आणि शिट्टी नव्हती. ते पुढे ऐकत राहिले. दुसरी बाजूही संपली. शिट्टी नव्हतीच.

चार दिवसांत त्यांनी माग काढला आणि पुतणीला बोलावलं. ऋचा आठल्ये सांगलीच्या कोर्टात नुकती वकिली करू लागली होती. काकांचं हे तिचं पहिलं मोठं काम.

"त्या डबीवर खटला भर," गंगाधरपंत म्हणाले.

"काका, डबी कोर्टात उभी राहत नाही. माणूस उभा राहतो."

"मग त्या माणसावर भर. आटपाडीचा कोण तो विभूते."

"त्यानं नकला विकल्या का?"

"नाही. पण विकणाऱ्यांच्या हातात हत्यार दिलं!"

"नक्कल करून विकणाऱ्याला कायद्यात शिक्षा आहे. शिट्टी काढणाऱ्याला नाही. तो कायदा झाला तेव्हा शिट्टीच नव्हती. मी दोनदा वाचला."

"तिसऱ्यांदा वाच."

"वाचते. पण कलम उगवणार नाही."

गंगाधरपंतांनी कप खाली ठेवला. "हे बघ, उद्या कुणी माझ्या कुलपाच्या किल्ल्या करून गावभर वाटल्या, तर तू म्हणशील किल्ली करणाऱ्यानं चोरी केली नाही?"

"आणि ज्यानं ते कुलूप तुमच्याकडूनच विकत घेतलंय, त्यानं घरच्यांसाठी दुसरी किल्ली केली तर?"

"तू नक्की कुणाची वकील आहेस?"

"तुमचीच. म्हणून तर आत्ता बोलतेय. कोर्टात समोरचा बोलेल."

गंगाधरपंतांनी कप पुन्हा उचलला. मग त्यांचा आवाज खाली आला. "ऋचा, मी त्या बाईला मेढ्याच्या रानात भात काढताना पहिल्यांदा ऐकलं. तिला शब्द दिला, प्रत्येक कॅसेटमागे तुमचा वाटा. हा झेरॉक्सवाला तिचं नावसुद्धा धड लिहीत नाही. उद्या ती विचारेल, पंत, घरोघर मी वाजतेय, मग मला एवढंच कसं? मी काय सांगू, कलम सापडलं नाही?"

ऋचानं टंकलेखन यंत्रात कागद चढवला.

* * *

नोटीस आटपाडीला रजिस्टरनं पोचली. हवालदारांनी ती उभ्यानं वाचली आणि मग खाली बसून पुन्हा वाचली. 'आपण "शिट्टीकाढी" नावाचे बेकायदेशीर यंत्र निर्माण करून आमच्या अशिलांचे व कलावंतांचे अपरिमित नुकसान केले असून, सदर यंत्र बनविणे, वापरणे, दुरुस्त करणे अगर हाताळणे आजपासून बंद करावे. अस्तित्वात असलेली सर्व यंत्रे सात दिवसांत आमचे कचेरीत जमा करावीत.'

"हाताळणे म्हंजे?" मनुबाईंनी विचारलं.

"हात लावायचा न्हाई."

"मग जमा कशी करायची? पायानं?"

जोतीरामच्या दुकानापुढे त्या दिवशी गर्दी झाली. नोटीस हातोहात फिरली. कुणी म्हणालं, लोहारानं कुऱ्हाड केली म्हणून लोहाराला आत टाकत्यात व्हय? कुणी म्हणालं, पण लोहाराला ठावं असलं की कुऱ्हाड झाडाच्या न्हाई, माणसाच्या मुळावर घालायची हाय, तर? एकानं सांगितलं की मग टेपरेकॉर्डर बनवणाऱ्यावरच केस पायजे, खरी नक्कल त्योच करतो. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "समद्यात आदी कानावर केस करा. फुकट ऐकायची सवं त्यालाच लागलीय."

"हवालदार, तुमी लढा!" जोतीराम जोरात म्हणाला. "आमी पाठीशी हाय!"

त्याच्या जोराकडे हवालदार बघतच राहिले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "जोत्या, तुजी डबी कुठं हाय?"

"हाय की. घरात."

"आण जा."

"आता... घरात म्हंजे... दिलीय जरा."

"कुणाला?"

जोतीरामची नजर आठवड्याच्या बाजाराकडे गेली. हवालदार त्याच दिवशी बाजारात गेले. हातगाडीवर रंगुबाईंच्या कॅसेटी ढिगानं होत्या, झेरॉक्सच्या वेष्टनात. गाडीवाला एक लावून दाखवत होता. आवाज काचेसारखा स्वच्छ. मूळ कॅसेटपेक्षा कणभर सरसच. हवालदारांनी तिथं उभं राहून आख्खी ओवी ऐकली. आपलं काम इतकं चांगलं झालंय याचा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आनंद झाला नाही. गाडीखाली दोन टेपांच्या मधे जोतीरामची गुलाबी डबी होती. त्यांनी वायरी काढल्या, डबी खिशात घातली. हवालदारांच्या चेहऱ्याकडे बघून गाडीवाल्यानं टेप बंद केला.

घरोघर फिरून त्यांनी बाकीच्या सहा डब्याही गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सांगली गाठली. ऋचाच्या टेबलावर सात साबणाच्या डब्या ओळीनं मांडल्या, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "सात नग. पावती द्या, ताई."

एवढ्या सहज शरणागतीची ऋचाला सवय नव्हती. "तुम्ही वकिलाचा सल्ला घेतलात का?"

"न्हाई."

"घ्यायला हवा होता," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "या नोटिशीला उत्तर देता आलं असतं. कायद्याच्या बाजूनं..."

"कायद्याचं मला ठावं न्हाई. मी बाजारात जाऊन आलो. त्या बाईचं नुकसान झालं हे डोळ्यानं बघितलं. मी ते केलं न्हाई, पर माज्या हातानं झालं." त्यांनी हिरवी डबी ओळीत सरळ केली. "एक मातर सांगतो. माज्या बायकूनं कॅसेट इकत घेतली आणि पोराला ओवी पाठवली, त्येला मी गुन्हा म्हननार न्हाई. ते तुमच्या पुस्तकात बसत असंल तर बसवा."

ऋचानं पावती दिली. डब्या खोक्यात घालून वर लाखेचा शिक्का मारला आणि खोकं कपाटात ठेवलं. त्या दिवशी तिनं तो कायदा तिसऱ्यांदा वाचला. काकांसाठी नाही, स्वतःसाठी.

* * *

नोटिशीवर गंगाधरपंत थांबले असते तर बरं झालं असतं. पण तोवर त्यांनी मुंबईच्या इंजिनियरला कळवून टाकलं होतं, की बारीक शिट्टी कुणीही काढतंय, मोठी घाला. इंजिनियरनं उत्साहानं बारीक शिट्टीच्या फितीवरच मोठी घातली. दिवाळीसाठी नवीन माल निघाला आणि कऱ्हाड, सातारा, इस्लामपूरच्या दुकानांत पोचला.

तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला. मग दुसरा. मग फोन ठेवायला वेळ मिळेना. शिट्टी इतकी मोठी झाली होती की आता नक्कल करायचीही गरज उरली नव्हती. साध्या टेपवर मूळ कॅसेटच शिट्टी मारत होती. पाडव्याच्या सकाळी लोकांनी हौसेनं ओव्या लावल्या आणि घराघरातून बायका गॅस बंद करायला धावल्या. दुकानदारांनी खोकीच्या खोकी परत पाठवली. मंजुघोषच्या दोन खोल्या कॅसेटींनी छतापर्यंत भरल्या आणि गंगाधरपंतांना चहा व्हरांड्यात बसून घ्यावा लागला.

त्यातच मेढ्याहून रंगुबाई आल्या. पंचावन्न वर्षांची ताठ कण्याची बाई. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी पिशवीतून स्वतःची कॅसेट काढली.

"पंत, ह्यो आवाज माजा न्हाई. गावात लोक मला इचारत्यात, रंगूमावशी, तुमी ट्रॅफिक पोलिसात लागला काय?"

"चूक झाली, बाई. जुनी शुद्ध फीत काढतो आणि नव्यानं छापतो," गंगाधरपंत म्हणाले आणि ऋचाला मूळ फितींच्या स्पूलच्या कपाटाकडे धाडलं.

ऋचा हात हलवत परत आली. "काका, मूळ स्पूल सापडलं. पण त्यावर मुंज आहे."

"कुणाची?"

"आपल्या मुकुलची. तुम्हीच भरलीत, वैशाखात. शिट्टीवालं स्पूल मुंबईहून आल्यावर तुम्ही म्हणालात, जुनं आता कशाला वाया घालवायचं."

गंगाधरपंतांनी डोळे मिटले. मंगलाष्टकं त्यांच्या कानात घुमली असावीत. थोड्या वेळानं ते आशेनं म्हणाले, "मग काय झालं? बाई इथंच आहेत. पुन्हा ध्वनिमुद्रण करू. आजच करू."

रंगुबाईंनी पदर तोंडावर घेतला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना. मग त्यांनी पदर बाजूला करून तोंड उघडून दाखवलं. पुढचे दोन दात नव्हते.

"म्हसरानं शिंग मारलं, श्रावणात. आता 'सासू' म्हनलं की मीच शिट्टी मारती."

जुन्या कॅसेटी होत्या, पण कॅसेटीवरून हजारो प्रती छापण्याजोगा आवाज निघत नाही. आवाज कायमचा गेला होता असं नाही, पण तो आवाज, त्या वर्षीचा, त्या दातांचा, आता फक्त शिट्टीच्या आत शिल्लक होता.

"शिट्टी काढू शकेल असा एकच माणूस मला माहीत आहे," ऋचा हळूच म्हणाली. "आपण त्याला नोटीस दिलीय."

* * *

गंगाधरपंतांची फियाट आटपाडीला दुकानापुढे थांबली तेव्हा हवालदार एका ट्रान्झिस्टरची पाठ उघडून बसले होते. डिकीत स्पूलचं मोठं यंत्र, मागच्या सीटवर ऋचा, रंगुबाई आणि लाखेचा शिक्का मारलेलं खोकं. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. रंगुबाईंना बघून ते उठून उभे राहिले होते, ते उभेच राहिले.

"जमणार न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"का? डब्या आणल्यात आम्ही," गंगाधरपंत म्हणाले.

हवालदारांनी खिशातून नोटीस काढली. घडीवर घडी पडून ती मऊ झाली होती. "बनविणे, वापरणे, दुरुस्त करणे अगर हाताळणे बंद करावे. लेखी हुकूम हाय. तोंडी कसा मोडू?"

"अहो, तो हुकूम माझाच होता!"

"व्हय. म्हणूनच पाळतोय."

मनुबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पहिला कप रंगुबाईंना दिला आणि त्यांच्याजवळच खाली बसल्या. "बाई, तुमच्या ओव्या माजं पोरगं आसामात ऐकतं. ह्यांनीच पाठवल्या. त्यावरनं हा समदा राडा झाला."

"आसामात?" रंगुबाईंनी कप खाली ठेवला. "मी साताऱ्याच्या पुढं गेले न्हाई कवा." मग त्या हवालदारांकडे वळल्या. "हवालदार, बाजारात माज्या नावानं चोरी झाली, त्येचा मला राग हाय. तुमच्या पोरानं ऐकलं त्येचा न्हाई. ह्या दोन गोष्टी येगळ्या हायत, एवढं ह्या शिकल्याल्या लोकांना कळंना व्हय?"

ऋचानं बॅगेतून कोरा कागद काढला आणि तिथंच, ट्रान्झिस्टर बाजूला सरकवून, नोटीस मागे घेतल्याचं लिहायला घेतलं. गंगाधरपंत सही करणार, तेवढ्यात हवालदार म्हणाले, "आणि दोन ओळी घाला, ताई. ह्यापुढं कॅसेटीत शिट्टी घालणार न्हाई. आणि ज्यानं इकत घेतली त्येनं घरच्यांसाठी भरून घेतली तर कंपनी तक्रार करणार न्हाई."

"आणि बाजारातले चोर?" गंगाधरपंतांनी विचारलं.

"त्येंच्यावर खुशाल केस करा. साक्षीला मी येतो." हवालदारांनी बाहेर बघितलं. "आणि ह्यो जोत्यापण येतो."

दाराआडून ऐकणारा जोतीराम मान खाली घालून म्हणाला, "येतो."

सही झाली. हवालदारांनी पावती दाखवून जप्त माल परत ताब्यात घेतला, डब्या मोजल्या, मग शिक्का फोडला. हिरवी डबी मधे जोडली आणि स्पूल सुरू केलं. शिट्टी जराशी दबली, पण गेली नाही. ती मोठी शिट्टी होती. त्यांनी दुसरी डबी मागे लावली. तिसरी लावली. निळी, पिवळी, गुलाबी. सात रंगीत डब्या टेबलावर आगगाडीसारख्या जोडल्या गेल्या. सातवी जोडली आणि शिट्टी अशी थांबली, की दुकानातल्या पंख्याची करकर एकदम ऐकू आली, आणि त्या शांततेत मेढ्याचं रान, दळणाचं जातं आणि दोन्ही दात शाबूत असलेल्या रंगुबाई गाऊ लागल्या.

रंगुबाईंनी आपला आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "म्या बरं म्हनत व्हते की."

"सहाच डब्या जमा झाल्या असत्या तर?" ऋचा हवालदारांना म्हणाली.

"फौजेत अर्धा माल जमा करत न्हाईत, ताई."

* * *

शुद्ध फितीवरून नव्या कॅसेटी निघाल्या. वेष्टनाच्या खालच्या कडेला आता मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'विकत घेतलीत, आभारी आहोत. घरच्यांसाठी भरून घ्या. विकू नका, रंगुबाईंचा वाटा बुडतो.' गंगाधरपंतांना वाटलं होतं की हे वाचून लोक हसतील. लोक हसले, पण संक्रांतीपर्यंत दोनदा माल पुन्हा काढावा लागला. जोतीरामनं झेरॉक्सच्या वेष्टनातल्या नकला विकणाऱ्या हातगाडीसमोर मूळ कॅसेटींचं टेबल टाकलं आणि शेजारी उभा राहून तो नवखेपणाच्या उत्साहात प्रत्येकाला प्रामाणिकपणाचे फायदे सांगू लागला. गिऱ्हाईकं त्याला थांबवायला म्हणून तरी कॅसेट घेत.

घरोघर शिट्टीच्या जुन्या कॅसेटी पडून होत्याच. त्यांच्यासाठी मंजुघोषनं हवालदारांकडूनच डब्या बनवून घेतल्या. आता त्या साबणाच्या नव्हत्या. काळ्या पत्र्याच्या, वर पांढऱ्या अक्षरात 'विभूते डबी'. मनुबाईंनी पहिली डबी देवाजवळ ठेवली.

असे चार महिने गेले. मार्चच्या एका दुपारी हवालदार न कळवता सांगलीला आले. गंगाधरपंत आणि ऋचा व्हरांड्यात चहा घेत होते. हवालदारांच्या कपाळाची शीर उडत होती. त्यांनी पिशवीतून एक डबी काढून टेबलावर आपटली. पत्र्याची, काळी, पण अक्षरं हातानं रंगवलेली.

"ताई, केस करायची! आत्ताच्या आत्ता!"

"कुणावर?"

"शिराळ्याच्या बाजारात मिळाली. माज्या डबीची नक्कल केलीया कुणीतरी! मी जेवण सोडून डोकं चालवलं, आणि ह्यो कोन उपटसुंभ आयता माल उतरवून इकतोय! कलम न्हाई म्हनू नका. काडा कुठनं तरी!"

गंगाधरपंतांनी कपात बघत, अगदी गंभीरपणे विचारलं, "हवालदार, आपण या डबीत एखादी शिट्टी बसवायची का? म्हणजे नक्कल करता येणार नाही."

ऋचा हसू दाबत आत जाऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. "केस करू. पण आधी पुरावा तपासावा लागतो."

हवालदारांनी रागारागानं झाकण उघडलं आणि आत डोकावले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोकावले. आत एकच कॉइल होती. त्यांच्या डबीत तीन होत्या. त्यांनी खोलीतले दोन टेप मागवले, परत आलेली एक मोठ्या शिट्टीची कॅसेट लावली आणि ती डबी मधे जोडली. ज्या शिट्टीला सात डब्या लागल्या होत्या, ती एका डबीत गेली. ओवी लागली.

"आत चिठ्ठी आहे," ऋचा म्हणाली.

झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाचा तुकडा चिकटवला होता. तिनं वाचला, "मूळ कल्पना, हवालदार आकाराम विभूते, आटपाडी. सुधारणा, प्रियदर्शनी, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, दुसरं वर्ष, मुक्काम शिराळा."

बराच वेळ हवालदार त्या एका कॉइलकडे बघत होते. बोटानं त्यांनी सोल्डरचा थेंब तपासला. गोल होता, चकचकीत, कुठंही ओघळला नव्हता.

"मग, हवालदार?" ऋचानं पेन उघडलं. "नोटीस कुणाच्या नावानं काढू?"

"ऱ्हाऊ द्या, ताई." हवालदारांनी झाकण हळूच बंद केलं, डबी पिशवीत नीट ठेवली आणि उठले. "बाकीच्या दोन कॉइली पोरीनं कशा काय वाचवल्या, ते आदी इचारून येतो. शिराळ्याची गाडी कवा हाय?"